फुकटातला तंबोरा

"या गोधड्यांत एक दिवस जीव जायचा आपला. गाणं राहिलं बाजूला, नुसतं उकडून निघालो."

बाहेरचा गोंगाट रेकॉर्डिंगमध्ये येऊ नये म्हणून मी खोलीभर गोधड्या टांगल्या होत्या आणि पंखा बंद ठेवला होता. शालनकाकू हे पुटपुटल्या तेव्हा त्यांच्या तोंडापासून माईक वीतभर लांब होता आणि माझ्या कानांवर हेडफोन होते. म्हणजे त्या माझ्या कानात बसूनच पुटपुटत होत्या म्हणायला हरकत नाही.

"आणि हिचा सूर परत उतरला बघ," त्या पुढं म्हणाल्या. "काळी चारला उठली, पांढरी पाचला बसली."

"गप की हो काकू," मांडीवर टाळ धरून हौसाबाई कुजबुजली. "शेजारीच बसल्यात."

"बसू दे."

आक्का खरंच शेजारीच बसल्या होत्या. शालनकाकूंच्या पेटीला गुडघा लागेल इतक्या जवळ. डोळे मिटलेले, मान किंचित वर, पुढच्या कडव्याची वाट बघत. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. हल्ली शालनकाकू कुरकुर करायच्या आधी आक्का कुठं बसल्यात ते बघून घेतात. त्या वर्षी तशी गरज नव्हती.

मी हात वर केला आणि म्हणाले, "थांबू या जरा. पाणी प्या सगळ्याजणी."

ही गोष्ट आमच्या टायपिंगच्या वर्गातली. वर्ग म्हणजे पलूसच्या एस.टी. स्टँडमागं आमच्या घराची मागची खोली. सरकारी परीक्षेच्या टायपिंगच्या बॅचेस मी तिथं घ्यायची. आधी मशिनं गेली आणि कॉम्प्युटर आले, मग पोरं यायची बंद झाली, आणि शेवटी वर्गात मी आणि एक जुना कॉम्प्युटर असे दोघंच उरलो. दुपारी खोली खायला उठायची. एकदा सहज म्हणून कॉम्प्युटरवर गाणं रेकॉर्ड कसं करतात याचा व्हिडिओ बघितला. तो कळला नाही म्हणून दुसरा बघितला. तिसऱ्यात थोडं कळलं, आणि थोडं कळणं हे फार वाईट, माणूस मग सुटत नाही.

विकत काही घ्यायचं नाही हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं, आणि घ्यावं लागतही नाही. जगात कुठं कुठं बसलेली माणसं प्लगिन नावाचे तुकडे बनवतात आणि फुकट वाटतात. हौसाबाईनं मला विचारलं होतं, "प्लगिन म्हणजे नेमकं काय गं विजू?" हौसाबाईचं बांगड्यांचं दुकान, त्यामुळं कुठलीही वस्तू हातात घेऊन फिरवून बघितल्याशिवाय तिचा विश्वास बसत नाही.

"गाण्याचं सॉफ्टवेअर म्हणजे नुसतं स्वयंपाकघर," मी म्हणाले होते. "प्लगिन म्हणजे फळीवरचे डबे. एका डब्यात देवळातला घुमारा. एकात खरखर काढायची चाळणी. एकात सतार, एकात बासरी. लागेल तो डबा काढायचा, चिमूटभर टाकायचं."

"आणि हे फुकट देतात?"

"फुकट."

"मग डबे गोड बोलून चहाला बोलवत असतील आणि नंतर भिशीत ओढत असतील."

तिचं अगदीच खोटं नव्हतं. काही डबे ई-मेल मागतात आणि मग रोज पत्र पाठवतात. काही महिनाभर छान चालतात आणि एक दिवस कुलूप लावून बसतात. पण बरेचसे खरंच फुकट असतात, आणि ते उघडताना मला दर वेळी वाटतं की कुणीतरी अनोळखी माणसानं वाटीभर आमटी झाकून पाठवलीय.

आक्का म्हणजे वत्सलाआक्का, माझ्या थोरल्या जाऊबाई. आमच्या गल्लीतल्या दत्तमंदिरातलं महिला भजनी मंडळ त्यांनी उभं केलं. गाणी त्यांचीच. चुलीवरची, विहिरीवरची, देवाशी भांडणारी. *धूर लागला की तू दिसलास, डोळे भरले कशाने*, अशी. त्यांनी ती कुठं लिहून ठेवली नव्हती. गाता गाता जुळवली आणि आम्हाला तोंडी दिली. त्या वर्षी दत्तजयंतीच्या आधी त्या वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या त्या डब्यात एवढी माझी गाणी भरून ठेव. गळ्यातली गळ्यातच जायला नकोत."

आक्कांना नाही म्हणणं अवघड. त्यांच्याशी खोटं बोलणं तर त्याहून अवघड. त्या बोलणाऱ्याच्या तोंडावरची नजर हलवत नाहीत.

मंडळाचा त्यांचा एक नियम होता, तो दर नव्या बाईला पहिल्या दिवशी ऐकवायच्या. "पुढं बसणारीचा सूर गेला की तिनं आपण होऊन उठावं. उठवायची वेळ दुसऱ्यावर आणू नये. माझा गेला तर मला सांगा, मी त्या दिवशी टाळ खाली ठेवीन."

म्हणूनच कुणी सांगत नव्हतं.

त्या दिवशी पाणी पिऊन झालं, आणखी दोन गाणी झाली, बायका पांगल्या. आक्का पुढच्या घरात गेल्या. शालनकाकू पेटीचा भाता बांधण्याचं निमित्त करून मागं रेंगाळल्या, आणि हौसाबाई शालनकाकू रेंगाळल्या म्हणून रेंगाळली.

"विजू," शालनकाकू म्हणाल्या, "तुझ्या त्या फुकटच्या डब्यांत सूर नीट करायचा डबा नाही का एखादा?"

"आहे."

"मग टाक की वच्छीवर चिमूटभर."

आक्कांना 'वच्छी' म्हणणारं माणूस आता गावात एकच उरलं होतं. दोघी माहेरच्या कुंडलच्या. एकाच शाळेत, एकाच बाकावर, आणि लग्न होऊन एकाच गल्लीत.

"किती दिवसांचं आहे हे?" मी विचारलं.

"तू रोज ताटाला ताट लावून जेवतेस, तुला ठाऊक नाही?"

मला ठाऊक होतं. पण मंडळ ते कसं सांभाळून घेतं हे मला त्या दिवशी कळलं. गाताना आक्का हळूहळू खाली सरकायच्या. मग कडवं संपलं की हौसाबाई टाळांचा गजर वाढवायची, एकदम कान फुटतील इतका, आणि त्या गजरात शालनकाकू पेटीवरची बोटं एक पट्टी खाली घ्यायच्या. गजर थांबेपर्यंत पेटी आक्कांच्या सुरावर येऊन बसलेली असायची. मागच्या बायका झील धरायच्या त्या पेटीच्या मागोमाग. अख्खं मंडळ पायरी पायरीनं खाली उतरायचं आणि देवळात बसलेल्यांना वाटायचं, बायका काय एकजीव गातात.

"लोक म्हणतात, हौसाबाईच्या अंगात येतं टाळ वाजवताना," हौसाबाई म्हणाली. "अंगात कशाचं येतंय? काकू डोळ्यांनी खुणावतात, मी बडवते."

"आवाज थकलाय तिचा," शालनकाकू म्हणाल्या. "वयच आहे."

"आवाज नाही थकलेला, काकू," मी म्हणाले. "मी हेडफोनमध्ये ऐकते ना. आवाज नुसता घंटेसारखा आहे."

"आवाजच थकलाय," शालनकाकू माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "दुसरं काही नाही. तुमच्या सासूचं काय झालं, तुला आठवतंय ना?"

"आठवतंय."

"मग टाक चिमूटभर आणि विषय सोड."

मी टाकलं. दोन माईक होते, एक आक्कांपुढं, एक बाकीच्यांत मिळून. सूर नीट करायचं प्लगिन मी आक्कांच्या माईकवर लावलं, पट्टी काळी चार म्हणून सांगितलं. फुकटातलं, दिसायला अगदी ओबडधोबड, पण काम चोख. आक्कांचा घसरणारा आवाज त्यानं हलकेच वर उचलला, जसं उतारावर लहान मुलाच्या काखेत हात घालून धरतात तसं. पहिलं कडवं ऐकून मी खुर्चीत मागं टेकले. अशा आक्का मी कैक वर्षांत ऐकल्या नव्हत्या.

दुसऱ्या कडव्याला झील सुरू झाली आणि मी ताठ बसले.

आक्का सुरात होत्या. बाकीच्या सगळ्या बेसूर होत्या. पेटीसकट. का नसतील? त्या बिचाऱ्या आक्कांचा हात धरून खाली उतरल्या होत्या, आणि मी एकट्या आक्कांना उचलून परत वरच्या पायरीवर नेऊन ठेवलं होतं. बाकीच्यांनाही वर उचलावं म्हणून बघितलं, पण एका माईकमध्ये पेटी, टाळ आणि सात बायका. प्लगिननं त्यातून जे काढलं ते ऐकून आमची मांजर खिडकीतून उठून गेली.

दुसऱ्या दिवशी आक्का चहाचा कप घेऊनच वर्गात आल्या. "ऐकव."

"अजून कच्चं आहे आक्का."

"कच्चंच ऐकव. पिठलं करताना मी चाखत नाही का?"

त्यांनी हेडफोन कानावर चढवले आणि आवाजाचं बटण हातानं पार टोकापर्यंत फिरवलं. इतकं, की मला चार हात लांबून शब्द कळत होते. पहिल्या कडव्याला त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. लाजल्यासारखं. मग झील आली. त्यांच्या भुवया जवळ आल्या. त्यांनी कप खाली ठेवला.

"या बायकांना झालंय काय?"

मी पडद्यावरची रेघ उगाच मागंपुढं केली.

"उतरल्यात सगळ्या. शालनसुद्धा! पेटीवर बसून उतरतं का माणूस? आणि मी इतके दिवस देवळात..." त्यांनी हेडफोन काढले. "त्यांना संध्याकाळी बोलव. सगळ्यांना नको, शालनला आणि हौसाबाईलाच बोलव. चारचौघांत नको."

शालनकाकू जन्मात कुणाचं ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. वाण्याचं तागडं एक दाणा हललं तर त्या दुकानात ठाण मांडायच्या. त्या संध्याकाळी त्या आक्कांसमोर पाटावर बसल्या आणि आक्का बोलत राहिल्या. लक्ष नसतं. रियाझ नाही. हात जड झाला असेल तर तसं सांग, दुसरी बघू. हौसाबाईचं तोंड उघडायला लागलं तशी शालनकाकूंनी तिच्या मांडीवर हात दाबून धरला.

"खरंय," शालनकाकू म्हणाल्या. "आमचंच चुकलं."

आक्का क्षणभर त्यांच्या तोंडाकडं बघत राहिल्या. एवढ्या लवकर मान्य होईल असं त्यांनाही वाटलं नसावं. मग त्यांचा आवाज मऊ झाला.

"तुझाही दोष नाही गं. आपला तंबोरा होता तोवर हे कधी झालं नाही. त्याचा भोपळा फुटला आणि आपण दुसरा आणलाच नाही. धरायला काठी नसली की कुणीही घसरतं." त्या माझ्याकडं वळल्या. "विजू, तुझ्या डब्यांत तंबोरा नाही?"

"आहे की."

"मग उद्या तंबोऱ्यावर बसू. नव्यानं."

बाहेर पडताना हौसाबाई अंधारलेल्या बोळात थांबली. "काकू, तुम्ही का ऐकून घेतलंत?"

"तुझ्या बांगड्या कुणी फोडल्या का?" शालनकाकू म्हणाल्या. "मग गप बस."

तंबोऱ्याची प्लगिनं मी दोन उतरवून घेतली. एक पूर्ण फुकट, पण त्याचा आवाज सायकलच्या तारा छेडल्यासारखा. दुसरं ऐकलं आणि मी ते पुन्हा पुन्हा ऐकत बसले. काय गोड लागला होता तो! तारांखालची जव्हारी अशी उघडलेली की खोलीच्या भिंती गुणगुणत होत्या. त्याच्या पानावर खाली बारीक इंग्रजीत बरंच काही लिहिलं होतं. टायपिंगच्या बाईनं बारीक अक्षर वाचू नये ही शरमेची गोष्ट खरी, पण तंबोरा इतका गोड होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या जमल्या. गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला. शालनकाकूंनी गोधड्यांकडं बघून नुसता श्वास सोडला. मी दोन्ही माईक सुरू ठेवले, हेडफोनचा एक कान लावला, आणि तंबोरा टेबलावरच्या छोट्या स्पीकरवर सोडला.

"अहाहा," कुणीतरी मागून म्हणालं.

मंडळाची रीत अशी, की आक्कांनी पहिला षड्ज लावल्याशिवाय कुणी पेटीला हवा द्यायची नाही, टाळाला टाळ लावायचा नाही. आक्का डोळे मिटून बसल्या. डाव्या हातात टाळ, उजव्या हाताची बोटं मांडीवर तंबोऱ्याच्या तारा छेडल्यासारखी एकामागोमाग एक हलत होती. तंबोरा खोलीभर पसरला होता. एरवी चुळबुळ करणारी हौसाबाईसुद्धा स्वस्थ होती.

आणि तंबोरा थांबला.

सावकाश विरला वगैरे नाही. दिवे जावेत तसा गेला. मी कॉम्प्युटरकडं बघितलं. तंबोऱ्याच्या चित्रावर इंग्रजीत एक ओळ आली होती, की ही चाखायची आवृत्ती आहे, मधूनमधून गप्प बसते, पूर्ण हवी तर विकत घ्या. बारीक अक्षरात तेच लिहिलेलं असणार.

खोलीत काहीही वाजत नव्हतं. स्टँडवरची इस्लामपूरची घोषणा गोधड्यांमधूनही ऐकू येत होती. मी "थांबा" म्हणायला तोंड उघडलं आणि आक्कांकडं बघितलं.

आक्कांची बोटं हलत होती. एक, दोन, तीन, चार, पुन्हा एक. मान हलकेच डोलत होती.

"काय भरून लागलाय गं विजू," डोळे न उघडता त्या म्हणाल्या. "हाच राहू दे. बदलू नकोस."

हौसाबाईनं टाळ मांडीवर ठेवला, आवाज होऊ न देता, म्हणजे आवाज झाला असता तर बिघडलं असतं अशा बेतानं. मागच्या बायका एकमेकींकडं बघतही नव्हत्या.

मला आमच्या सासूबाई आठवल्या. ऐकू यायचं बंद झालं तसं घर त्यांच्याशी बोलायचं बंद झालं. मुद्दाम नाही. एक गोष्ट दोनदा सांगायचा कंटाळा, मग एकदाही न सांगायची सवय. नातवाचं लग्न ठरलं ते त्यांना मांडव पडल्यावर कळलं. एकट्या आक्का त्यांच्यासमोर बसून रोज सगळं मोठ्यानं सांगायच्या. सासूबाई गेल्या तेव्हा आक्का मला म्हणाल्या होत्या, "आपण त्यांना जिवंतपणीच घराबाहेर बसवलं होतं गं."

आणि आम्ही काय करत होतो? शिट्टी झाली की कुकर मी बंद करायची, आक्कांच्या आधी धावत जाऊन. दारावर कुणी आलं की मीच उठायची. हौसाबाई टाळ बडवायची. शालनकाकू बोटं सरकवायच्या.

आक्कांनी षड्ज लावला. घंटेसारखा, भरघोस, पण तंबोरा ज्या सुरावर होता त्याच्या बराच खाली.

शालनकाकूंनी पेटीवर बोटं ठेवली. मी बघत होते, कारण मला आता ठाऊक होतं की त्या काय करणार. बोटं खाली सरकणार, षड्जाला जाऊन भिडणार, आणि दत्तजयंती पार पडणार. बोटं सरकली. पट्टीवर टेकली. आणि मग त्यांनी हात उचलला आणि भात्याचा खटका लावून टाकला.

आक्कांनी थोडा वेळ सूर धरून ठेवला. मग डोळे उघडले. त्यांनी मिटलेला भाता बघितला, हौसाबाईच्या मांडीवरचा टाळ बघितला, मग सगळ्यांचे चेहरे.

"पेटी का बंद केलीस, शालन?"

शालनकाकू खाली बघून काहीतरी पुटपुटल्या. माझ्या कानात ते स्वच्छ उमटलं. खोलीत कुणाला ऐकू गेलं असेल असं मला वाटत नाही.

"अं?" आक्का म्हणाल्या. त्यांनी शालनकाकूंच्या तोंडाकडं बघायचा प्रयत्न केला, पण तोंड खाली होतं. "काय झालंय? विजू? तू तरी बोल. बिघडलंय का काही?"

मी तोंड उघडलं. शालनकाकूंनी माझ्याकडं न बघताच हात वर करून मला थांबवलं. तेवढ्यात स्पीकरमधला तंबोरा आपला आपण सुरू झाला, जणू मधे काही घडलंच नाही. सगळ्याजणी दचकल्या. आक्कांना त्या दचकलेल्या दिसल्या, आणि त्या कशाला दचकल्या ते आक्का खोलीभर नजरेनं शोधू लागल्या. भिंतीवर, दारात, छताला. स्पीकरकडं त्यांनी बघितलंही नाही.

"शालन," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच कापरा झाला. "जन्मभर तोंडातल्या तोंडात बोलत आलीस. काय असेल ते एकदा मोठ्यानं बोल."

शालनकाकूंनी पेटी बाजूला सारली. गुडघे दुखत असतानाही त्या बसल्या बसल्या सरकत आक्कांच्या समोर गेल्या, गुडघ्याला गुडघा लागेल अशा. आक्कांच्या हातातला टाळ काढून आपल्या पदरात घेतला. हनुवटीला बोट लावून त्यांचा चेहरा आपल्या तोंडाकडं वळवला. मी हेडफोन काढायला हवा होता, पण माझा हात उठला नाही. पडद्यावरचा आवाजाचा काटा एकदम लाल रेघेच्या पलीकडं गेला.

"वच्छे," शालनकाकू पार स्टँडपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुला ऐकू येत नाही."